सुतारकाकूंच्या गाडीचं दार

गल्लीत सगळे त्यांना सुतारकाकू म्हणतात, पण काकूंनी उभ्या आयुष्यात साधं स्टूलही बनवलेलं नाही. सुतार त्यांचा नवरा. काकूंच्या वाट्याला आलं ते फळीचं दुसरं टोक धरणं, भुसा झाडणं आणि दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला "होतच आलंय हो" म्हणून वाटेला लावणं. बाई मात्र खमकी. वस्तूंशी भांडायची भारी हौस. नळ असो, मिक्सर असो, कुलूप असो, बिघडलं की आधी त्याला चार शब्द सुनवायचे आणि मग उघडून बसायचं. बहुतेक वेळा दुरुस्त व्हायचं. नाही झालं तर ती वस्तूच मुळात नालायक होती, असं काकूंचं मत.

काकांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं. एक "नको" तेवढा शाबूत राहिला, बाकीचे शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे, मग काकूच ते बोलून टाकायच्या. "लग्न झाल्यापासून हाच शब्द जास्त वापरात होता, म्हणून टिकला," असं काकू लोकांना सांगायच्या आणि हसायच्या. लोक हसले नाहीत तरी त्या हसायच्या.

हाताचा व्यायाम करून घेणारी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षावाल्याने काखेत हात घालून उचललेलं काकांना सहन होईना. घरी काकांची जुनी गाडी होती, फळ्या न्यायला मागची सीट काढून टाकलेली. मग काय, साठी उलटलेल्या काकू गाडी शिकल्या. शिकवणाऱ्या मास्तरांना घाम फुटला, कोपऱ्यावरच्या एका खांबाला थोडा मार बसला, पण शिकल्या म्हणजे शिकल्याच. त्यांना रिव्हर्स घेताना बघायला गल्लीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. काकू काच खाली करून त्यांना विचारायच्या, तिकीट काढलंय का म्हणून.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर काकांच्या बाजूचं दार खाली उतरायला लागलं. का ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. उतरताना काका उघड्या दाराला लोंबकळून सगळा भार त्यावर टाकत आणि उठत. पण तेवढी एकच गोष्ट ते कुणाच्या मदतीशिवाय करत होते. ती करू नका म्हणून सांगायला काकूंची जीभ रेटेना. गॅरेजवाल्याने लॉक अडकतं ती खुंटी जरा खाली सरकवून दिली आणि वेळ मारून नेली. त्यानंतर दार लागायचं, पण उघडताना खालच्या चौकटीला घासून घट्ट बसायचं.

आणि एक दिवस व्यायामाच्या केंद्रासमोरच ते उघडेना. काका आतून डाव्या खांद्याने ढकलताहेत, काकू बाहेरून ओढताहेत, भोवती माणसं गोळा झालेली. शेवटी दोन अनोळखी माणसांनी हिसका मारून दार उघडलं. अर्ध्या गावाची दारं ज्या माणसाने बसवली, तो दाराआड अडकून बसला होता. काकांनी मान वर केली नाही. घरी आल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. गाडीचं नाव काढलं की "नको".

व्यायामवाल्या बाईंचा फोन आला. त्यांनी गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. हात वळायचा तर आत्ताच वळेल, असाच पडून राहिला तर तसाच आखडेल, मग कुणाच्या बापाला तो सरळ करता येणार नाही, असं सांगितलं. काकूंनी फोन ठेवला आणि गॅरेज गाठलं. गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा, सवड मिळेल तसं बघतो. त्याच्या आवारात सवडीची वाट बघत गंजलेल्या गाड्या काकूंना दिसत होत्या. त्या तशाच माघारी फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांच्या हत्यारांची पेटी अंगणात ओढत आणली. दार उघडलं, खालची कड न्याहाळली. कुठे घासतंय ते स्पष्ट दिसत होतं, रंग उडाला होता. आता सुताराच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं तर कळतंच. दार घासतंय तर तिथे रंधा मारायचा. लोखंडाला रंधा चालत नाही, म्हणून काकूंनी कानस घेतली आणि दाराची कड तासायला सुरुवात केली. करकर आवाजाने शेजारचं कुत्रं उठून गेलं. गाडीचा हिरवा रंग भुकटी होऊन पायाशी पडायला लागला, आणि काकू दाराला बजावत होत्या की तुझी सगळी मस्ती आज उतरवते.

मागे काठीचा आवाज झाला. काका आले होते. खोलीतून, उंबरा ओलांडून, पायऱ्या उतरून, एकटे. त्यांनी काठी गाडीला टेकवली आणि डावा हात पुढे करून काकूंच्या हातातली कानस काढून घेतली.

काकूंचा पारा चढला. "मग काय करू? तुम्हीच सांगा ना! बोला की काहीतरी!"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. काकांनी गाडीला पाठ टेकली, उघड्या दाराच्या कडेखाली डावा हात घातला आणि दार हलकेच उचललं. दार वर गेलं, हात काढला की खाली आलं. मग त्यांनी नजर वरच्या बिजागरीकडे वळवली. काकू वाकल्या. बिजागरीचे बोल्ट ढिले होऊन सरकले होते. दाराची कड निर्दोष होती, उगाच सोलली बिचारी. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काका मात्र बिजागरीकडे बघतच राहिले, नंतर दाराच्या त्या कोपऱ्याकडे, जिथे धरून ते लोंबकळायचे. त्यांना कळलं होतं. काकूंना वाटलं, हे आता परत आत जाणार.

काका गेले नाहीत. पेटीत हात घालून त्यांनी दोन लाकडी पाचरी काढल्या.

यापुढचं काम काकूंना तोंडपाठ होतं. चौकटीत दार बसवताना काका कायम असंच करायचे. दाराखाली पाटावर पोतं, पोत्यावर उलटसुलट दोन पाचरी. काका काकूंनी आणून ठेवलेल्या खुर्चीत बसले आणि डाव्या पायाने वरची पाचर टकटक आत सारू लागले. दार केसाकेसाने वर चढू लागलं. काकूंनी पान्याने बोल्ट आणखी सैल केले होते, पाना धरून त्या तयारीत होत्या.

"वर," काका म्हणाले.

काकूंनी दचकून पाहिलं. पण काकांचं लक्ष फटीकडे होतं, तेव्हा त्यांनीही पाहिलं न पाहिलंसं केलं. शब्दाचं कौतुक केलं तर तो लाजून आत पळेल, अशी त्यांना भीती वाटली. बोल्ट आवळले, पाचरी काढल्या, दार लावून पाहिलं. अजून घासत होतं. पुन्हा पाचरी, पुन्हा पाना. दुपार झाली, दोघांनाही जेवणाची शुद्ध नव्हती. शेवटी गॅरेजवाल्याने खाली सरकवलेली खुंटी काकूंनी मूळ जागी आणली आणि दार सोडलं. ते खट्कन लागलं. भोवतीची फट सगळीकडे सारखी.

"बसून बघता का?" काकूंनी इकडेतिकडे बघत विचारलं.

काका बसले. डाव्या हाताने दार ओढून घेतलं. उघडलं. पुन्हा ओढलं. मग समोर काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाले, "चल."

आज केंद्राला सुट्टी होती, हे काकूंना माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेलाने माखलेल्या हातांनीच स्टिअरिंग धरलं, घरच्या कपड्यांत, पायात बाथरूमच्या स्लिपर. रस्ताभर त्या गाडीशी बोलत होत्या, कारण नवऱ्याशी बोलल्या असत्या तर रडू आलं असतं.

केंद्राच्या फाटकाला कुलूप होतं. काकांनी दार उघडलं. टपाची कड पकडून, दारावर भार न टाकता, हळूहळू उभे राहिले आणि वळून ते लावलं. कुलूप त्यांनी पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं.

"आज बंद असतं," काकू म्हणाल्या. "मला माहीत होतं."

काकांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. काकूंनी या खेपेला त्यांच्या वतीने काहीच बोलून टाकलं नाही, नुसत्या थांबल्या.

"उद्या," काका म्हणाले.