कापसातलं हेलिकॉप्टर

हसाचं असन तं खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मांग एकाले हा किस्सा सांगतला, तं त्यानं अर्धा कप माह्याच सदऱ्यावर सांडला. फजितीही माही अन् डागही मलेच! म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी दिनकर. एका जमान्यात जळगाव जामोदच्या आसपास लग्न असो, सप्ता असो का तेरवी असो, भोंगे माह्येच. कोणत्या लिंबाले भोंगा बांधला तं आवाज कोणत्या वावरापर्यंत जाते, हे मले तोंडपाठ होतं. मंग डीजे आले. माह्ये भोंगे माळ्यावर गेले अन् मी वावरात गेलो. पण 'आवाजातलं आपल्याले कळते' ही मिजास काही माळ्यावर गेली नाही. ती सोबतच राह्यली.

मधात एका साली कापसाले असा भाव आला, का लोक भाव ऐकून सोताले चिमटा घेऊन पाहात. त्या साली मी घराले समोरून एक मोठी खोली काढली. शोभा, म्हणजे आमची बायको, म्हणे, "देवघर करू."

मी म्हटलं, "थेटर करू!"

"कशाचं थेटर?"

"घरातलं! समोर मोठा टीव्ही अन् भिंतीत स्पीकर. भिंतीच्या आत! पाहणाऱ्याले कळलंच नाही पाहिजे का आवाज येऊन राह्यला कुठून."

"शेजारची भांडणं तशीच तं ऐकू येतात," शोभा म्हणे. "त्याले पैसे काऊन घालाचे?"

आता अशा बाईले काय समजवावं? मी सरळ रफिककडे गेलो.

रफिक माह्या शाळेतला दोस्त. सारी उमर दुसऱ्याच्या दुकानात टीव्ही दुरुस्त केले अन् आता कुठं त्यानं सोताचं दुकान टाकलं होतं. त्यात हे भिंतीत बसवाचे स्पीकर आणले. लोक येत, पाहात, चहा पीत अन् जात. घेये कोणीच नाही. एकच मोठं गिऱ्हाईक गळाले लागल्यासारखं होतं, ते म्हणजे आपले कानाचे डॉक्टर. त्यांचा बंगला बांधून होत आल्ता. पण डॉक्टर लय सावध माणूस. ते म्हणे, "आधी दिनकररावांकडे बसू द्या. आवाजातला माणूस आहे. त्यांनी बरं म्हटलं की माझ्याकडे बसवा."

डॉक्टरनं घेतले का मंग मास्तर घेतीन, अडते घेतीन. म्हणजे रफिकचं दुकान चालते का बसते, हे येऊन टेकलं माह्या खोलीवर!

खोली कोरी होती तेव्हा रफिक सोता आला. भिंतीत खाचे ठेवले, वायर ओढली. पुढच्या सालच्या दिवाळीच्या तोंडावर मी स्पीकर पसंत कराले दुकानात गेलो. त्यानं एका फळीच्या भिंतीत तीन तऱ्हेचे बसवून ठेवले होते. लहान, मधवे अन् मोठे.

"तुह्या खोलीच्या मानानं लहान बस झाले," तो म्हणे. "हे ऐक."

त्यानं कोणत्या तरी पिच्चरमधलं हेलिकॉप्टर लावलं. अन् काय सांगू! ते समोरून आलं, डोक्यावरून गेलं अन् मांगं निंगून गेलं. मी चक्क खाली वाकलो! दुकानातल्या दुकानात!

"हेच पाहिजे," मी म्हटलं.

"बसवाले मी येतो."

"तू मले शिकवतं का बे? मी भोंगे बांधत होतो तेव्हा तू चड्डीची नाडी बांधाले शिकून राह्यलता."

इथंच, बघा, इथंच मी पहिली माती खाल्ली.

तवर वावरातला कापूस घरी आल्ता. या साली अर्धा बोंडअळीनं खाल्ला, अन् जो उरला त्याले भाव नाही. मांगच्या सालचा भाव सगळ्यायच्या डोळ्यासमोर नाचून राह्यलेला. कोण विकन? अख्ख्या गावानं कापूस घरात भरला. कोणाच्या देवघरात, कोणाच्या न्हाणीत. आमच्या पलीकडं सखारामच्या घरी तं नव्या नवरा-नवरीच्या खोलीत कापूस अन् ते दोघं ओसरीत! कापसात बारीक किडे झालते, तं सकाळी सारं गाव एका हातात चहा घेऊन दुसऱ्या हातानं अंग खाजवे.

माह्या थेटरातही भरला. तीन भिंतींले, खालपासून पार स्लॅबपर्यंत. टीव्हीची भिंत अन् मधात एका खुर्चीपुरती जागा, तेवढंच मोकळं. आता तुम्ही म्हणसान, दिनकर, तुले दिसलं नाही का? अरे, आमच्याकडं दिवाळीनंतर घरात कापूस असणं म्हणजे भिंतीले चुना असणं. त्याच्याकडं पाहते कोण?

अन् मी काही अगदीच बयताड नव्हतो हो! स्पीकर सोताच बसवले, अन् मांगच्या स्पीकरसमोरचा कापूस हातानं सारून खिडक्या केल्या. म्हटलं, आवाजाले वाट पाहिजे. मंग लोखंडी खुर्चीवर ऐटीत बसलो अन् हेलिकॉप्टर लावलं.

काहीच नाही! म्हणजे होतं काहीतरी, पण हेलिकॉप्टर तिकडं बुलडाण्यात उडून राह्यलं अन् मी इथं बसून ऐकून राह्यलो, असं. आवाज वाढवला, तं बुलडाण्याहून मोताळ्यापर्यंत आलं. पुढं काही केल्या सरकेच ना.

रफिकले फोन लावला.

"अरे, आवाजच नाही याच्यात!"

"असं कसं? खोलीत सोफा आहे का? त्यानं आवाज खाल्ला जाते."

"सोफा नाही."

"पडदे?"

"नाही."

"गालिचा, गाद्या?"

"एकही गादी नाही बे! एक लोखंडी खुर्ची आहे फक्त. खोली टनटन रिकामी आहे!"

आता सांगा, यात मी एक तरी शब्द खोटा बोललो का?

रफिक बिचारा विचारात पडला. म्हणे, मोठे लावून पाहू. लहान परत घेतले, मोठे देल्ले.  मी ते बसवले. हेलिकॉप्टर मोताळ्याहून नांदुऱ्यापर्यंत आलं, बस. आवाजाचं बटन मी असं पिरगाळलं, का त्याच्या पुढं बटनच नव्हतं.

इकडं घरात दुसरंच सुरू झालं. शोभा दारातून हाका मारे अन् मले ऐकूच न ये. एक दिवस ती खांद्याले हलवूनच म्हणे, "केव्हाची बोंबलून राह्यली मी! चहाचं पार थंड पानी झालं. कान गेले का तुमचे?"

मी चरकलो.  सारी जवानी भोंग्याच्या तोंडाशी काढलेली. गेलेही असतीन कान! त्या दिवशी हेलिकॉप्टरही सुचलं नाही अन् जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप कानाच्या डॉक्टरकडं गेलो. हो, तेच ते बंगलेवाले.

त्यांनी बत्ती मारून पाहिलं, लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला, मशीन लावलं. मंग म्हणे, "दिनकरराव, कान उत्तम आहेत! विशीतल्या पोराचे असतात तसे."

मले इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, का मी तिथल्या तिथं मोठ्यानं बोललो, "म्हणजे रफिकचा मालच बोगस आहे!"

दवाखाना भरलेला. बाहेर बाकावर दहा गावचे लोक. अन् आमच्या भागात 'बोगस' हा शब्द असा हलक्या हातानं नाही घेत कोणी. बोगस बियाण्यानं ज्यायचं साल गेलं, त्यायले विचारा. तो शब्द कानावर पडला का माणूस पुरावा मांगत नाही.

बाजाराच्या दिवसापर्यंत गोष्ट कुठल्या कुठं गेली. स्पीकर बोगस. मंग टीव्ही बोगस. मंग रफिकनं दुरुस्त केलेले पंखेही बोगस! एक जण तं चांगला चालता मिक्सर परत घेऊन गेला म्हणे. डॉक्टरनं रफिकले निरोप धाडला, "सध्या माझं राहू द्या."

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. आतून रफिक उतरला अन् मांगून डॉक्टर. रफिकचं तोंड उतरलेलं. राम राम नाही, काही नाही.

"दिनकर," तो म्हणे, "पसंत नव्हतं तं घरी येऊन शिव्या द्याच्या होत्या. चार लोकायत बोगस काऊन म्हटलं बे? मी साहेबाले हातपाय जोडून आणलं. त्यायच्या समोर वाजवून दाखव. माल खराब निघाला तं आजच दुकानाची पाटी उतरवतो."

मले कससंच झालं. पण तोराही होता ना! म्हटलं, "चाल, सोता ऐक."

दार उघडलं. रफिक उंबऱ्यातच उभा राह्यला. या भिंतीकडं पाहिलं, त्या भिंतीकडं पाहिलं, वर स्लॅबकडं पाहिलं.

"हे काय आहे?"

"कोणतं?"

"हे!"

"कापूस," मी म्हटलं. "तुह्या घरी नाही का?"

"अन् मले काय सांगतलं होतं तू? गादी नाही?"

"नाहीच आहे! दाखव बरं एक तरी गादी."

डॉक्टर हळूच म्हणे, "दिनकरराव, यात निदान गावाला पुरतील इतक्या गाद्या आहेत. फक्त शिवायच्या राहिल्यात." अन् ते बोलले तेही मले हातभरावरून कसंबसं ऐकू आलं.

रफिक कापसाच्या ढिगावर मटकन बसला. हसावं का रडावं, त्याले कळेना. मले तरीही कळलं नव्हतं बरं का! मी त्याले मोठ्या अभिमानानं दाखवाले गेलो, "हे पाह्य, स्पीकरसमोर खिडक्या केल्या मी." तवा मात्र शोभा दाराआड पदर तोंडात धरून जी हसाले लागली, का माह्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. कान शाबूत, स्पीकर शाबूत. आवाज सगळा कापूस खाऊन राह्यलता!

"काढा सगळा बाहेर," शोभानं हुकूम सोडला. "ऊन तरी लागन त्याले."

मंग काय! अंगणात ताडपत्र्या टाकल्या अन् मी, रफिक, शोभा पोतेच्या पोते बाहेर काढू लागलो. डॉक्टरही बाह्या सरसावून आले. थोड्या वेळानं ते खाजवाले लागले. आधी मान, मंग पाठ. म्हणे, "हे काय आहे?" शोभा म्हणे, "काही नाही साहेब, साऱ्या गावाले आहे."

खोली खाली झाली. आता खरंच टनटन रिकामी. डॉक्टर मधल्या खुर्चीवर बसले, रफिक भिंतीले टेकून उभा.  मी हेलिकॉप्टर लावलं.

अन् आवाजाचं बटन? ते होतं तिथंच. पार शेवटाले!

अरे बापा! स्पीकर मोठे, खोली कोरी, बटन फुल्ल. हेलिकॉप्टर छपरावर नाही, आमच्या छातीवर उतरलं! डॉक्टर खुर्चीसगट खाली. शोभाच्या हातातली परात सुटली. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं ते थेट नदीकडं. रफिक ओरडून राह्यला, मी ओरडून राह्यलो, कोणाले कोणाचं ऐकू येईना. बंद कराचं बटन सापडेस्तोवर ते हेलिकॉप्टर गावावरून चार चकरा मारून गेलं असन.

बाहेर पाहतो तं सारं गाव शाळेच्या पटांगणाकडं पळून राह्यलं! सखाराम सगळ्यात पुढं, हातात किडकी बोंडं घेऊन. मले पाहून ओरडला, "दिनूभाऊ, चाला! बोंडअळीची पाहणी कराले मंत्री आला वाटते! आवाज आला ना हेलिकॉप्टरचा?"

आता त्याले काय सांगू? लोक बिचारे उन्हात वर पाहात उभे. मंत्री माह्या भिंतीत आहे, हे सांगाले मले जावं लागलं. त्यायच्या शिव्या मी इथं सांगत नाही.

परत आलो तं डॉक्टर कपडे झटकून उठले होते. "रफिकभाई," ते म्हणे, "उद्या बंगल्यावर माप घ्यायला या. पण मला लहान बसवा. हे असले नकोत."

रफिकच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "रफिक, चुकलो बे मी. बाजारात उभा राहून सगळ्यायले सांगतो का माल एक नंबर आहे, खराबी माह्यात होती." तो नुसता माह्या खांद्यावरचा कापूस झटकत राह्यला.

डॉक्टर मान खाजवत गाडीकडं निंगाले अन् माह्यापाशी थांबले. "दिनकरराव, कान मी नीट तपासले होते. दोन कानांच्या मधलं तपासायचं तेवढं राहून गेलं."

तवा कुठं रफिकचं तोंड उघडलं.

"राहू द्या साहेब," तो म्हणे. "तिथंही भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवला असन यानं!"