तोंडातल्या टाचण्या

शिवणकामाला हात म्हणाल तर सोनं, आणि जीभ म्हणाल तर देवच वाचवो! अख्खी गल्ली शिवणाच्या दुकानवाल्या बाईंना मागून कात्रीबाई म्हणायची. समोर म्हणायची कोणाची छाती होती?

त्या कात्रीने एकदा घरातलंच माणूस कापलं. सुनेची शिवण जरा वाकडी गेली, तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बाई कडाडल्या, "आईने काही शिकवलंय की नुसतंच वाढवलंय?" सुनेची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पोरीने खाली मान घातली. मुलाने मात्र दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गल्लीत भाड्याची खोली बघितली. महिनाअखेर दोघं वेगळी होणार हे ठरलं.

बाईंना चूक कळली होती. पण माफी मागायची जिभेला सवयच नव्हती. त्यात रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब जिभेवरच बोलले, आणि बाईंना वाटलं, सगळा वेळ आपल्याकडेच बघून बोलले. घरी येऊन त्यांनी गुडघे टेकले. "देवा, माझ्या तोंडावर पहारा बसव. माझ्याच्याने काही होणार नाही."

पहारेकरी दुकानातच सापडला. कापडाला लावायच्या टाचण्या ओठांत धरायची बाईंना जन्माची सवय. टाचण्या ओठांत असल्या की बोलता येत नाही. ठरलं तर मग! वाईट शब्द आला की एक टाचणी.

सोमवारी चर्चच्या गायनमंडळातल्या थोरल्या काकू माप द्यायला आल्या. "मी जरा बारीक झालेय, नाही?" त्यांनी लाडात विचारलं. इकडे माप घ्यायची फीत पुरेना! बाईंनी टाचणी धरली. शेजारीण तीच बाही तिसऱ्यांदा उसवायला घेऊन आली, तिच्यासाठी दोन धरल्या. मग नवऱ्याने गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर चहा सांडला. तिथे बाईंनी मोजल्याच नाहीत, डबीच ओठांवर उपडी केली.

नवरा ओरडा खायला डोळे मिटून उभा राहिला, आणि घर आपलं शांत! तो भलताच घाबरला. मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला डॉक्टरकडे न्यायचं का रे?"

शनिवारी सुनेने पाळकसाहेबांचा नवा झगा शिवून पुरा केला. पहिल्यांदाच, एकटीने. तिने तो बाईंसमोर धरला. शिवण सरळ, गळा कसा अगदी बेतात बसलेला. बाईंचा ऊर भरून आला. पण तोंड सकाळपासूनच्या टाचण्यांनी भरलेलं! "हं," एवढंच बाहेर पडलं.

सुनेने झगा खुंटीला अडकवला आणि ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं, बॅग ओढल्याचा आवाज आला. "आजच जाऊ या," ती नवऱ्याला सांगत होती. "आधी निदान तोंडावर बोलायच्या. आता मी बोलायच्याही लायकीची राहिले नाही."

बाई दारातच थिजल्या. अरे देवा! वाईटाला अडवता अडवता चांगल्यालाही कुलूप लागलं की! त्यांनी टाचण्या घाईघाईने ओंजळीत थुंकल्या. एक ओठाला लागलीच.

"थांब गं! झगा सुरेख झालाय. माझ्या पहिल्या झग्याला याच्या नखाचीही सर नव्हती. आणि त्या दिवशी मी तुझ्या आईवर गेले, ते चुकलं माझं. त्या माउलीने चांगलंच शिकवलंय तुला. मला माफ कर, बाळा."

सून रडायला लागली. मग बाईही रडल्या. सासरेबुवांना काही कळेना, ते आपले चहा ठेवायला पळाले.

डोळे पुसता पुसता बाईंची नजर खुंटीवरच्या झग्यावर गेली आणि तिथेच थांबली. सवयीने एक टाचणी ओठांकडे निघाली. सुनेने मनगट धरलं.

"नको, आई. बोला."

"बोलू?"

"बोला. फक्त हळू."

"डावी बाही बोटभर लांब झालीय गं."

सुनेने जाऊन बाही मापली. मग झगा घेऊन भरल्या बॅगेवरच बैठक मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या खोलीवाल्याला नको म्हणून सांगून या. मला बाही उसवायचीय."