अप्पांचा हत्ती आणि माझी म्हैस

माझ्या चित्रकलेमुळे माझे वडील पुन्हा बोलायला लागले. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यात माझं कौतुक करण्यासारखं काहीही नाही.

अप्पा म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले टेलर. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर मोजता मोजता त्याच्या सासुरवाडीपर्यंत गप्पा नेणारा माणूस! त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि मी त्यांना सरस्वतीपुरमला माझ्या घरी आणलं. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "जिभेला काही झालेलं नाही. त्यांचं मनच उठत नाहीये. हाताला एखादी कला द्या. चित्रं काढू देत."

मी रंगपेटी आणली. अप्पांनी ती पाहिली आणि कूस बदलली.

असे दोन महिने गेले. हेब्बाळच्या कारखान्यातून घरी आलो की मी विचारायचो, "अप्पा, जेवलात?" ते छताकडे बघत राहायचे. घर इतकं गप्प झालं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं.

शेवटी माझी बायको शैला म्हणाली, "तुम्हीच सुरू करा की. बघून त्यांनाही वाटेल." (तिनं माझं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. अशा गोष्टी स्थळ बघताना कुणी विचारत नाही.)

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी सगळी गल्ली कचरा टाकायची. तिथंच चित्र काढायचं ठरवलं. रविवारी सकाळी अप्पांची खुर्ची फाटकाबाहेर मांडली, स्टुलावर चढलो आणि दसऱ्याचा हत्ती काढायला घेतला. म्हैसूरच्या माणसाला हत्ती यायलाच हवा, अशी माझी समजूत होती!

तासाभरानं समोरच्या लक्ष्मम्मा कचऱ्याची बादली घेऊन आल्या आणि थबकल्या. "अय्यो, एम्मे तुंबा चन्नागिदे!" म्हणजे, म्हैस फार छान झालीय!

"हत्ती आहे तो," मी म्हणालो.

"हौदा? खरंच?" असं म्हणून त्या बादली तशीच घेऊन परत गेल्या. कचरा टाकायचं विसरल्या, एवढा त्यांना धक्का बसला होता.

मग मी पाठीवर अंबारी काढली, म्हणजे शंकाच नको. दुपारी शैला धावत आली. "अहो, फाटकाशी दोघं जण कॅन घेऊन उभे आहेत. विचारतायत, दूध सकाळी देता की संध्याकाळी?"

"आणि अंबारी?"

"त्यांना वाटलं, कडब्याची पेंढी आहे!"

आता प्रश्न इभ्रतीचा होता. हत्तीला हत्तीपण येतं ते सोंडेनं. पण डोकं काढताना भिंत संपत आली होती, त्यामुळे पुढं जागाच उरली नव्हती. मी जरा विचार केला आणि जिथं जागा होती तिथून, म्हणजे मानेखालून, सोंड काढायला सुरुवात केली.

"उसव!"

मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त अप्पा होते.

"उसव ते, गाढवा! बाही खांद्याला लावतात, गळ्याला नाही! साकु, पुरे! खाली उतर!"

मी उतरलो नाही, पडलो. हिरव्या रंगाच्या डब्यात! शैला रडायला लागली. मीही रडलो, पण चेहरा हिरवा असल्यामुळे कुणाला कळलं नाही. लक्ष्मम्मा पदर डोळ्यांना लावून, "अप्पा मातु आडिदरु! अप्पा बोलले!" असं ओरडत गल्लीभर फिरल्या.

अप्पांना कुणाकडे बघायला वेळ नव्हता. "खडू आण," ते म्हणाले. शब्द अडखळत होते, पण येत होते. थरथरत्या उजव्या हातानं, डाव्याचा आधार देऊन, त्यांनी माझ्या म्हशीवर शिलाईच्या खुणा करायला घेतल्या. "कंबरेत चार बोटं आत घे. मागून ढगळ झालाय. पाय आखूड आहेत, खालची दुमड सोड." जमलेली माणसं पोट धरून हसत होती आणि अप्पा प्रत्येकाला उत्तर देत होते.

पुढचे पंधरा दिवस ती भिंत गल्लीची झाली. निवृत्त ड्रॉइंग मास्तर शिवण्णा आपले ब्रश घेऊन आले. गेल्या वर्षापासून लक्ष्मम्मांशी न बोलणाऱ्या शेजारीणबाई त्यांच्याच वाटीतला रंग घेऊन शेपूट रंगवायला बसल्या. हत्ती उभा राहिला, खराखुरा, सोंडेसकट! त्याच्या पायाशी कचरा टाकायला कुणाचा हात होईना. अप्पा रोज संध्याकाळी खुर्चीत बसून पुढच्या भिंतीचं कटिंग समजावू लागले. हातही सुधारला. डॉक्टरांना ते म्हणाले, "औषध तुमचं, पण राग आमच्या पोराचा!" त्या 'उसव'साठी मी देवापुढं किती वेळा हात जोडले असतील, त्याला गणती नाही.

महिन्याभरानं पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. त्यांच्या आईनं वडील गेल्यापासून तोंडच उघडलं नव्हतं. "सार, आमच्या घराच्या भिंतीवर चित्र काढायला याल?"

मला भरून आलं. म्हटलं, "जरूर! अप्पांना आणि शिवण्णा मास्तरांनाही घेऊन येतो."

"बेडा सार, बेडा! त्यांना नको!" त्यांनी घाईघाईनं माझा हात धरला. "ते दोघं चांगलं काढतात. तुम्ही एकटेच या."