आत्याच्या शेतातली मोरस

आत्या कुठलीही जमीन आधी जिभेने पाहायची. वाटेने चालता चालता वाकायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि पुढे चालू लागायची. शेजारची म्हातारी विचारी, "काय गो, भूक लागली का?" आत्या म्हणे, "तुझ्या घरच्या कालवणापरीस बरी लागते."

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर चौलच्या अलीकडे, खाडीलगत, आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर. तीस सालाच्या आधीच्या एका पावसाळ्यात उधाणाने तिथला बांध फुटला आणि खाडीचं पाणी तिच्या भातशेतात शिरलं. बांध पुन्हा घातला, पण मातीतलं मीठ जाईना. आतोबा मुंबईला गोदीत कामाला गेले. जाताना म्हणाले, "शेत गोड झालं की येईन." मूलबाळ नव्हतं. आत्या आमच्याकडे आली. माझी आई नुकतीच गेली होती, मी विशीत होतो. आमच्या घराला पुन्हा घरपण आलं ते तिच्यामुळे.

भाताच्या जागी तिच्या शेतात आता मोरस उगवू लागली. रस्त्याच्या कडेला, मिठागरांच्या पडीक जागेत, खारं पाणी लागेल तिथे ही येते. बारीक, रसाळ पानांची, खारट. पाऊस सरला की आत्या मला घेऊन शेतावर जाई आणि दिसेल ती मोरस मुळासकट उपटी. "हिला ऱ्हाऊ दिली तर म्हनंल, घर माझंच हाय." मग तीच मोरस उकडून, पिळून, कांदा आणि सुका जवळा घालून रांधी. तशी भाजी मी पुन्हा खाल्ली नाही.

माझं लग्न झालं. बायको पालीकडची, डोंगराजवळची. पहिल्याच खेपेला तिने मोरसेत मीठ घातलं. वडिलांनी एक घास घेतला आणि तांब्याकडे हात नेला. बायको रडकुंडीला आली. "अगो, दर्यानं घातलंय तेवढं पुरं व्हतं," आत्या हसून म्हणाली, "त्याच्यावर तू कशाला?" आणि ती भाजी डाळीत ढवळून तिने सगळ्यांना वाढली.

एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. शेताच्या कडेला पोचलो की हिरवी मोरस पाहून तिचा चेहरा उतरे, आणि माझा जीव भांड्यात पडे. मोरस आहे, म्हणजे आत्या आणखी वर्षभर आमची. "औंदा कमी हाय ना रे?" ती विचारी. "कमी आहे," मी म्हणे. तिच्याबरोबर उपटूही लागे. पण मनातून मी त्या झुडपांच्या बाजूचा होतो. तिचा संसार तिकडे खोळंबला होता आणि मी इथे सुखात जेवत होतो, हे आजही मला सलतं.

मग एका वर्षी बांधाच्या आत नुसतं गवत दिसलं. मोरस होती ती बाहेर, रस्त्याकडेला. आत्याने चारी कोपऱ्यांतली माती चाखली आणि थुंकायचं विसरली.

"बाळू, घरी चल," ती म्हणाली. "मुंबईला निरोप धाडायचाय."

आतोबा आले ते केस पिकवूनच. पेरणीआधी ते तिला न्यायला आले तेव्हा बायको पदराआड रडत होती. "रडतेस काय गो? तासाभरावर तर जातंय मी," आत्या म्हणाली, आणि वळण येईपर्यंत स्वतःच मागे पाहत राहिली.

नव्या भाताला तिने मला जेवायला बोलावलं. आता त्या घरात कुणी नाही, दोघंही गेली. त्या दिवशी मात्र दोघं समोर बसून माझ्या पहिल्या घासाकडे पाहत होती.

"गोड हाय ना?" आत्याने विचारलं.

"गोड आहे," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. पण दुसरा घास मी नुसताच कालवत बसलो. भात फार कढत असेल असं तिला वाटलं. माझं ताट आपल्याकडे ओढून ती पदराने वारा घालू लागली.