मुशी आली त्या दिवशीचा गुणाजी

गुणाजी राहायचा परळच्या भोईवाड्यात, पण त्याचा जीव वरळीच्या वाळूत पालथ्या घातलेल्या होडक्यात होता. थोरला भाऊ भिवा मालवणात वारला, तेव्हा वाटणीत गुणाजीनं घर मागितलं नाही, माड मागितला नाही. आंब्याच्या एका खोडात कोरलेलं भिवाचं होडकं तेवढं मागितलं आणि गलबतावर घालून मुंबईला आणलं. सहा दिवस गिरणीत कापसाची धूळ खायची आणि सातव्या दिवशी दोन माणसांपुरत्या त्या लाकडात बसून खारं वारं प्यायचं, एवढीच त्याची श्रीमंती.

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, गिरण्या बंद राहिल्या. गुणाजी सकाळीच गळ घेऊन निघाला. सोबत गिरगावचे मनमोहनराव. जुन्या घराण्यातले, ऑफिसात कारकून, मुंबई घेणारच म्हणून सभांत घसा फोडणारे आणि मासळीचे मोठे दर्दी. असा माणूस आपल्याजवळ मांडी घालून बसतो याचा गुणाजीला अभिमान वाटे. खोटं कशाला बोला?

दुपारपर्यंत पाच मासे लागले. मनमोहनराव सुरी काढून होडक्यातच ते साफ करू लागले. खवलं आणि आतडी उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत, अशी घरून बायकोची, यशोदाबाईंची, ताकीद होती. आतडी ते पाण्यात भिरकावत आणि साफ केलेला मासा दोरीत ओवून, गार राहावा म्हणून कडेला पाण्यात सोडत.

"राव, घाण पाण्यात नको. टोपलीत टाका."

"अरे गुणाजी, समुद्र काय तुझ्या आजीची विहीर आहे?"

गुणाजीनं गळ पुन्हा पाण्यात सोडला. मोठ्या माणसाला दोनदा कसं सांगायचं? पाण्यावर तांबूस तवंग धरला.

मग दोरीला हिसका बसला. होडक्याखालून एक राखाडी पाठ सरकत गेली, होडक्याहून हातभरच तोकडी. कोळी तिला मुशी म्हणतात, शिकलेले शार्क.

"बसूनच राहा. हात-पाय आत घ्या, आरडू नका," गुणाजी हळू म्हणाला. "दोरी कापा. तिला मासे हवेत, तुम्ही नकोत."

"सुरमई आहे त्यात!" मनमोहनराव उठून उभे राहिले. एका हातात दोरी आवळून, दुसऱ्या हातानं वल्हं धरून मुशीला धपाधप हाणू लागले. होडकं कलंडलं, घोटाभर पाणी आत आलं. भिवाचं लाकूड कण्हलं.

"मुंबई घेणार म्हणून आरडतंस, नि चार मासे सुटत नाय? सोड रे मेल्या!" गुणाजी खेकसला.

गुणाजीनं सुरी उचलली आणि दोरी कापली. मासे वाहत गेले, त्यांच्यामागं ती पाठ गेली. वल्हं न आपटता, पाणी न वाजवता, गुणाजीनं होडकं किनाऱ्याला आणलं.

वाळूत चार माणसं जमली, तसा मनमोहनरावांना कंठ फुटला. "मी हाणलं म्हणून पळाली! आणि या भित्र्यानं माझी सुरमई घालवली." त्यांच्या धोतराला येणारा वास समुद्राचा नव्हता.

गुणाजीनं होडकं वाळूनं तीनदा घासलं. तरी खवलं निघेनात. त्यानं तोंड फिरवलं. मासळीत वाढलेल्या माणसाला आतड्यांची कसली किळस? पण ज्या मोठेपणापुढं आपली जीभ एकदाच हलली, त्यापायी भिवाचं होडकं बुडता बुडता राहिलं, ही गोष्ट काही केल्या घशाखाली उतरेना. तो वाळूत थुंकला.

पुढच्या हरताळाला मनमोहनराव नवी टोपली घेऊन आले.

"कुठं बसू रे, गुणाजी?"

"वाळूत," गुणाजी म्हणाला आणि एकट्यानंच होडकं पाण्यात लोटलं.