भिंतीला चिकटलेली गोधडी

लेकीची ओढणी तेवढी धुवायची होती. मी उत्साहाच्या भरात तिच्यासोबत बायकोनं शिवलेली गोधडीही मशीनमध्ये कोंबली. पिळायची वेळ आली तसं मशीन थडथडत न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत आलं. झाकण उघडलं, तर गोधडी कडेला घट्ट चिकटलेली आणि ओढणी आतल्या बाजूला अलगद.

"बाबा, आमच्याकडे असंच करतात," सई हसत म्हणाली. ती अणुइंधन बनवण्याच्या कामात आहे. "युरेनियमचा वायू करून गरागरा फिरवायचा. जड अणू कडेला सरकतात, हलके मधे राहतात. आम्हाला हवे असतात ते हलके. पण एका यंत्रात फरक पडतो तो नावालाच. म्हणून मग पुढच्या यंत्रात, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटी त्याची पूड करून गोळ्या दाबायच्या, भट्टीत भाजायच्या आणि नळ्यांत भरायच्या. झालं इंधन!"

दुपारच्या गाडीनं ती गेली. मी ओल्या गोधडीपाशी बसून राहिलो. बालवाडी, शाळा, वसतिगृह, नोकरी. दर वेळी पोर जराशीच पुढे सरकली आणि आम्ही पेढे वाटले. रडावं एवढा फरक कुठल्याच टप्प्यावर पडला नाही. आता ती दिवाळीपुरती येते आणि आपल्याच घरातला फ्रीज विचारून उघडते. जड होतं ते मागे राहिलं. माझ्यापुरतं तर वजनकाटाही हेच सांगतो.

तेवढ्यात ही आली.

"बसलात काय नुसते? ते दुसरं टोक धरा. मला एकटीला नाही उचलवत."