अक्काची पिशवी

काम आटोपलं की अक्का दारात थांबायची आणि पिशवी जमिनीवर उलटी करायची. डबा, छत्री, पानाची पुडी. "पात्तुक्को, तंबी." तमिळमध्ये म्हणजे, बघून घे बाबा.

नुंगंबाक्कमच्या आमच्या इमारतीत ती चार घरी स्वयंपाक करायची. पिशवी दाखव, असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं. उलट मला चीड यायची. माझी आई लातुरात लोकांची धुणीभांडी करायची, आणि निघताना तिच्या पदराची गाठ सोडून बघणारे महाभाग मी पाहिलेत. त्याच धुण्याभांड्यांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. हे मी सगळ्यांना ऐकवतो, तसं अक्कालाही ऐकवलं. गरिबीतून आलो, पण कुणाच्या वस्तूला हात लावला नाही, म्हटलं.

भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "तुझी शाळा घरापासून किती लांब होती?"

"गल्लीच्या टोकाला."

ती नुसतं "हं" म्हणाली. नदीकाठची तिची झोपडी पाडून सरकारनं तिला पार शहराबाहेर घर दिलं होतं. मुलाची शाळा इकडेच राहिली, मग सुटलीच. तो आता आमच्याच इमारतीत पाण्याचे कॅन पोचवायचा.

एकदा वरच्या मजल्यावरच्या आजींची सोन्याची साखळी गेली. पोलिसांनी वॉचमनला धरलं. त्याला जीपकडे नेत होते, आम्ही सगळे फाटकाशी उभे, तेवढ्यात अक्का आली. तिथंच पिशवी उलटी केली. डबा, छत्री, पुडी. आणि साखळी.

इन्स्पेक्टर तिच्याकडे वळला. काय झालं असेल ते मला कळलं होतं. तुम्हालाही कळलं असेल. मी घाईनं मध्ये पडलो, "जिन्यात सापडली ना, अक्का?"

एक 'हो' पुरला असता. वॉचमन सुटला असता, पोरगाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही, तंबी. माझ्या घरात. मुलाच्या उशीखाली." मग हळूच म्हणाली, "शाळा दुसऱ्यांनी लांब नेली. साखळी त्यानंच उचलली."

तीन घरांनी तिला कामावरून काढलं. चौथं माझं, तिथं ती स्वतःच आली नाही.

शेवटची दिसली ती तुरुंगाच्या फाटकावर, भेटीच्या दिवशी. मी मुद्दाम गेलो होतो. पहारेकऱ्यानं तोंड उघडायच्या आत तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. साबण, टॉवेल, बिस्किटांचा पुडा.

"पात्तुक्कोंग, सार."

त्यानं तरीही पुडा फोडून बघितलाच.